व्यसन कसं पसरतं याचं मॉडेल बनवायचंय? आधी बाण काढा, समीकरण नंतर

हे लिहितेय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे मॅथ्स-स्टॅट्सची पोरं, ज्यांना एसआयआर मॉडेल (साथ कशी पसरते याचं गणित) तोंडपाठ आहे पण गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनचाच प्रकार) घेणाऱ्या माणसाशी कधी दहा मिनिटं बोलणं झालेलं नाही. आणि दुसरे सोशल वर्कवाले, नर्स, काउन्सेलर, ड्रॉप-इन सेंटरवर (नशा करणारे कधीही येऊन मदत घेऊ शकतात अशी जागा) काम करणारे, ज्यांना वस्तीतली गल्ली न गल्ली माहितीये पण समीकरण दिसलं की पान उलटतात. मुंबईत दोन्ही प्रकारची माणसं भरपूर आहेत, एकमेकांपासून दोन-तीन स्टेशनांवर राहतात आणि तरी भेटत नाहीत. खालचं सगळं गूगल शीटवर होतं, कोडिंग येत नसलं तरी चालेल.

सुरुवात मुंबईपासूनच करते कारण हे गणित एका अर्थी इथलंच आहे. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीचं जे मॉडेल मांडलं, ज्याच्यावर आजही सगळी डिपार्टमेंटं उभी आहेत, त्या पेपरमधला आलेख मुंबईच्या प्लेगचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात शहरात दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली ते आकडे, आणि त्यावर त्यांच्या समीकरणाची रेघ. रेघ अगदी छान बसते. पण प्लेग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता, तो उंदीर आणि पिसवांमधून येत होता, आणि माणसांमधली साथ ही उंदरांमधल्या साथीची सावली आहे हे खुद्द त्या दोघांनाही ठाऊक होतं, तसं त्यांनी लिहिलंय. म्हणजे रेघ आकड्यांवर बसली म्हणून पसरण्याची वाट बरोबर सापडली असं होत नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण व्यसनाच्या मॉडेलमध्ये नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो.

पायरी १: कोणाला मोजताय ते ठरवा

"ड्रग्ज घेणारे" असा एकच डबा करू नका. एम्सने देशभर सर्व्हे केला होता, २०१९ ला रिपोर्ट आला, वय १० ते ७५. त्यात अफूजन्य पदार्थ (अफू, हेरॉइन, पेनकिलरसारख्या गोळ्या-औषधं सगळं धरून) घेणारे साधारण २.१ टक्के, म्हणजे जवळपास २ कोटी २६ लाख, आणि त्यातले मदतीची गरज असलेले साधारण ७७ लाख. म्हणजे घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश. आपलं मॉडेल या एक तृतीयांशचं आहे की सगळ्यांचं, हे पहिल्या ओळीत लिहून टाका. आणि पदार्थही एकच घ्या. गर्द, एमडी (मेफेड्रोन), गांजा, झोपेच्या गोळ्या, कफ सिरप, प्रत्येकाची पसरण्याची पद्धत वेगळी, वय वेगळं, किंमत वेगळी. सगळं एका शीटमध्ये कोंबलं की काहीच कळत नाही. मी पुढे गर्द डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

पायरी २: कागदावर डबे आणि बाण

कॉम्प्युटर बंद. एक ए-फोर कागद, पेन्सिल. सगळ्यात साधं चित्र तीन डब्यांचं: न घेणारे पण धोक्यात असलेले, घेणारे, उपचारात असलेले. १९७९ मध्ये मॅकिन्टॉश आणि स्ट्युअर्ट यांनी हेरॉइनच्या साथीचं मॉडेल लिहिलं, आणि २००७ मध्ये आयर्लंडच्या व्हाइट आणि कॉमिस्की यांनी असंच तीन डब्यांचं मॉडेल मांडलं, ते नवशिक्यांसाठी आजही सगळ्यात सोपं आहे.

आता बाण. पहिल्या डब्यातून दुसऱ्यात: ओळखीतल्या कोणीतरी हात पुढे केला आणि सुरुवात झाली. दुसऱ्यातून तिसऱ्यात: सेंटरला नाव घातलं. दुसऱ्यातून बाहेर: स्वतःहून सुटला, गावाला गेला, किंवा वारला. आणि तिसऱ्यातून परत दुसऱ्यात: रिलॅप्स, म्हणजे सुटलेलं परत सुरू होणं. हा शेवटचा बाण मॅथ्सची पोरं हमखास विसरतात आणि सेंटरवरचा कोणीही माणूस सगळ्यात आधी काढतो. विसरलं तर काय होतं ते खाली आकड्यांतच दाखवते.

पायरी ३: शीट उघडा

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या वस्तीचे नाहीत. समजा १५ ते ३५ वयाची १०,००० माणसं आहेत, त्यातली ५० घेणारी. एक ओळ म्हणजे एक महिना. पसरण्याचा दर, ज्याला बीटा म्हणतात, धरा ०.०६. उपचाराला जाण्याचा दर महिन्याला ०.०१, आणि इतर कारणांनी बाहेर पडण्याचा ०.०३.

पहिल्या महिन्यात नवीन किती? ०.०६ गुणिले ५० गुणिले ९,९५० भागिले १०,०००, म्हणजे २.९८, जवळपास ३. बाहेर किती? ५० चे चार टक्के, म्हणजे २. महिन्याअखेर ५१. बास, एवढंच आहे. हा फॉर्म्युला खाली ओढा, १२० ओळी केल्या की दहा वर्षं झाली. सुरुवातीला महिन्याला एकच माणूस वाढतो म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, पण तीन वर्षांच्या आसपास ५० चे १०० होतात. वस्तीतले लोक "हे अचानक कुठून आलं" असं म्हणतात ना, ते अचानक नसतं, ते असं चाललेलं असतं.

आता आर-नॉट, म्हणजे एक घेणारा त्याच्या पूर्ण काळात सरासरी किती जणांना सुरुवात करून देतो. बीटा भागिले बाहेर पडण्याचा एकूण दर: ०.०६ भागिले ०.०४, म्हणजे १.५. एकाच्या वर आहे म्हणजे पसरणार.

मग कोणी म्हणेल उपचार तिप्पट करू. दर ०.०१ चा ०.०३. आता ०.०६ भागिले ०.०६, बरोबर १. साथ थांबली, पेपर तयार, मंत्रालयात प्रेझेंटेशन. पण रिलॅप्सचा बाण काढलाच नव्हता. समजा उपचाराला गेलेल्या १०० पैकी ८० परत येतात. मग उपचारामुळे कायमचे बाहेर पडणारे फक्त पाचावा हिस्सा. आधीच्या परिस्थितीत भागाकारातला खालचा आकडा ०.०३ अधिक ०.००२, म्हणजे ०.०३२, आणि आर येतो १.८८. तिप्पट भरती केली तर ०.०३ अधिक ०.००६, आर १.६७. इतका सगळा खर्च करून १.८८ चे १.६७! आणि भरती तिप्पट करतानाच रिलॅप्स ८० वरून ५० वर आणला तर खालचा आकडा ०.०४५ होतो आणि आर १.३३. समीकरण तेच, आकडे तेच, फक्त एक बाण होता की नव्हता यावर "साथ संपली" की "साथ जोरात आहे" हे ठरलं.

आणि हेसुद्धा बघा की रिलॅप्स कशामुळे होतो त्यावर बाणाचं गणित बदलतं. सुटून आलेला माणूस त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत परत गेला म्हणून घसरला, तर रिलॅप्सचा दर घेणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून ठेवायला हवा. व्हाइट-कॉमिस्कीनी तसंच केलंय. अशा मॉडेलमध्ये कधीकधी आर एकाच्या थोडा खाली आणला तरी साथ जात नाही, बरंच खाली ढकलावं लागतं. नोकरी नाही, घरच्यांनी दार लावलं, टर्की (नशा बंद केल्यावर होणारा शारीरिक त्रास) सहन होत नाही म्हणून घसरला तर साधा ठरावीक दर चालतो. कुठलं खरं ते सेंटरवरच्या बाईंना विचारा, पुस्तकात नाही मिळणार.

पायरी ४: घेणाऱ्यांचा डबा फोडा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी

इथे जरा थांबून वाचा. आपल्या मनात पसरवणारा माणूस म्हटलं की कोण येतं? पुलाखाली, स्टेशनबाहेर, फाटक्या कपड्यांतला, लोक ज्याला गर्दुल्ला म्हणून हाकलतात तो. आता एक साधा प्रश्न विचारा, अकरावीतला मुलगा त्याच्याकडून पहिली पुडी घेईल का? नाही घेणार. त्याला बघून उलट घाबरेल. तो घेईल ते त्याच्याच बिल्डिंगमधल्या, क्रिकेटच्या टीममधल्या दोस्ताकडून, ज्याने चार-सहा महिन्यांपूर्वी सुरू केलंय, जो अजून नीट दिसतो, नोकरीला जातो, आणि मनापासून सांगतो की काही होत नाही रे, कंट्रोलमध्ये आहे.

आणि हे फील्डमधून आलेलं आहे. इंग्लंडमधल्या क्रॉली या गावात १९६० च्या दशकात हेरॉइन कसं पसरलं, कोणी कोणाला पहिल्यांदा दिलं, याचा माग रेने द आलार्कोन यांनी काढला आणि १९६९ मध्ये छापला. शिकागोमध्ये ह्यूज आणि क्रॉफर्ड यांनी १९७२ मध्ये हेच मांडलं, की पसरवण्याचं काम जास्त करून नव्याने सुरुवात केलेल्यांकडून होतं, जुन्यांकडून नाही. पुढे अमेरिकेत कोकेनच्या मॉडेलमध्ये कॉकिन्स वगैरे मंडळींनी एक पाऊल पुढे जाऊन असंही धरलं, की हाल झालेल्या जुन्या लोकांकडे बघून नवीन माणसं सुरुवात करायला कचरतात.

तर घेणाऱ्यांचे दोन डबे करा, नवे आणि जुने. परत माझे समजावण्याचे आकडे. नव्यांचा बीटा ०.१५, जुन्यांचा ०.००५. नव्यातून जुन्यात जाण्याचा दर महिन्याला ०.०८, नव्यातूनच सुटून जाण्याचा ०.०४, जुन्यांच्या बाहेर पडण्याचा ०.०२. नवा माणूस सरासरी आठ-साडेआठ महिने नवा राहतो, जुना ५० महिने जुना. आर काढताना दोन तुकडे: नवा असताना त्याने पसरवलेलं, ०.१५ भागिले ०.१२, म्हणजे १.२५. मग बारापैकी आठ जण जुने होतात, दोन तृतीयांश, आणि जुनेपणात प्रत्येकाने पसरवलेलं ०.००५ भागिले ०.०२, म्हणजे ०.२५. दोन तृतीयांश गुणिले ०.२५ म्हणजे ०.१७. एकूण १.४२.

आता दोन प्लॅन. प्लॅन एक, सगळा जोर जुन्यांवर, त्यांचा बाहेर पडण्याचा दर दुप्पट. आर येतो १.३३. प्लॅन दोन, जुन्यांना होतं तसंच ठेवून नव्यांचा सुटण्याचा दर दुप्पट, ०.०४ चा ०.०८. मग १.२५ चे ०.९४ होतात, जुन्यांचा तुकडा ०.१२५, एकूण १.०६. किती फरक आहे बघा. आणि कळीचा मुद्दा असा की या आकड्यांत साथ स्थिरावली की एका नव्यामागे चार जुने असतात, म्हणजे सर्व्हेला गेलात तर पाचातले चार जुनेच भेटणार, आणि पसरवणं मात्र शंभरात ८८ नव्यांचं. जे दिसतात ते पसरवत नाहीत, जे पसरवतात ते दिसत नाहीत. एकच डबा ठेवला असता तर हे कुठल्याच ओळीत उमटलं नसतं.

याचा अर्थ जुन्यांना सोडून द्या असा अजिबात घेऊ नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. जुन्या माणसाला उपचार मिळायला हवा तो तो माणूस आहे म्हणून, सुईतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतो म्हणून, त्याची आई रोज रात्री दाराशी बसते म्हणून. त्याच्या उपचाराचं समर्थन आर कमी होण्यावर टांगू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शीटमध्येसुद्धा दोन वेगळे कॉलम ठेवा, एक नवीन सुरुवाती, दुसरा मृत्यू आणि त्रास.

पायरी ५: आकडे आणायचे कुठून

इथे घाम निघतो. घेणारे एकूण किती हे घरोघर जाऊन कळत नाही, कोण सांगणार? दोन याद्यांची पद्धत वापरतात. समजा ड्रॉप-इन सेंटरच्या यादीत १२० जण, उपचार केंद्राच्या यादीत ९०, आणि दोन्हीकडे असलेले १८. तर १२० गुणिले ९० भागिले १८, अंदाजे ६००. पण ही पद्धत धरून चालते की दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध नाही. ड्रॉप-इनचाच कार्यकर्ता माणसाला हाताला धरून उपचार केंद्रात नेत असेल, आणि तसं नेतातच, तर दोन्हीकडची नावं जास्त जुळतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. याद्या जुळवताना नाव-पत्ता वापरू नका, आद्याक्षरं आणि जन्मवर्ष असा कोड करा, आणि तो कोडसुद्धा सेंटरच्या बाहेर न्यायचा नाही. ओळखीच्यांची साखळी पकडत माणसं सर्व्हेत आणायची पद्धतही आहे, हेकॅथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली, पण ती करायला अनुभवी टीम लागते.

दुसरं, नवीन सुरुवाती किती होतायत. केंद्राच्या रजिस्टरवर "पहिल्यांदा कधी घेतलं" हे वर्ष बहुतेक असतं. ते वर्षवार मोजून आलेख काढला की शेवटच्या काही वर्षांत रेघ धाडकन खाली येते आणि सगळे खूश होतात. खूश होऊ नका. सुरुवात आणि पहिला उपचार यांच्यात बऱ्याचदा काही वर्षं जातात, त्यामुळे गेल्या वर्षी सुरू केलेले अजून रजिस्टरवर आलेलेच नाहीत. आधीच्या वर्षांवरून बघा की सुरुवात करणाऱ्यांपैकी किती जण एका वर्षात येतात, किती दोन, किती तीन, आणि त्या हिशोबाने अलीकडचे आकडे वर उचला. ही एक दुरुस्ती केली नाही तर बाकी सगळं फुकट.

उपचाराचा दर ठरवताना कायदाही बघावा लागतो. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ चा, त्याच्या कलम ६४ए मध्ये व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला पुढे आला तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, पण वस्तीत किती जणांना हे माहितीये? पोलिसांची भीती वाढली की उपचाराचा बाण बारीक होतो, म्हणून धाडींच्या महिन्यांत दर तोच ठेवू नका. तसंच बीटा कायम एकच नसतो, माल बदलतो, भाव बदलतो. एमडी २०१५ च्या फेब्रुवारीत कायद्याच्या यादीत आलं, त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच दराने जोडायचे नाहीत.

पायरी ६: आकडे जुळले तरी शंका घ्या

एक छोटा प्रयोग करून बघाच. बीटा ०.०६ आणि बाहेर पडण्याचा दर ०.०४ ठेवा, आलेख काढा. मग बीटा ०.१२ आणि बाहेर पडण्याचा दर ०.१० ठेवा, त्याच आलेखावर दुसरी रेघ. पहिली काही वर्षं दोन्ही रेघा जवळपास एकावर एक, कारण वाढ ठरते ती फरकावर आणि फरक दोन्हीकडे ०.०२. पण आर एकीकडे १.५ आणि दुसरीकडे १.२. पहिल्यात दर तीनातली एक सुरुवात थांबवली पाहिजे, दुसऱ्यात सहातली एक. म्हणजे नुसत्या वाढत्या आकड्यांवरून आर निघत नाही, माणूस सरासरी किती काळ घेत राहतो हे बाहेरून, मुलाखतींमधून आणावंच लागतं. मुंबईच्या प्लेगची रेघ बसली होती तसंच हे.

म्हणून प्रत्येक दराला एक आकडा न देता किमान-कमाल अशी रेंज द्या, रेंजमधून शे-दोनशे वेळा वेगवेगळे आकडे उचलून शीट पळवा, आणि बघा निष्कर्ष कुठल्या दराने उलटतो. जो दर थोडा हलवला की सगळं उलटं होतं तोच दर पुढे फील्डवर जाऊन नीट मोजायचा. पायथन येत असेल तर त्याच्या सायपाय या गणिताच्या लायब्ररीत हे पटकन होतं. मैत्रीची जाळी घालून बघायची असतील तर नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण तिकडे आधी पळू नका, कागदावरचे बाण पक्के झाल्याशिवाय रंगीत ठिपके हलताना बघून काही कळत नाही.

पायरी ७: दाखवायचं कोणाला आणि कसं

वस्तीचं नाव नकाशावर टाकायचं नाही. आधीच अमुक भागात राहतो म्हटलं की मुलाखतीत तोंड वाकडं होतं, मुलींची लग्नं अडतात, त्यात आपला लाल ठिपका कशाला. "साथ", "पसरवणारा" हे शब्द मीटिंगमध्ये जपून वापरा, कारण ऐकणारा पोलीस असेल तर पसरवणाऱ्याला उचला असाच अर्थ घेईल, आणि आपल्या मॉडेलमधला पसरवणारा म्हणजे १७ वर्षांचा, स्वतः अडकत चाललेला पोरगा आहे.

चित्र सगळ्यात आधी सेंटरवरच्या पीअर वर्करना दाखवा, जे स्वतः यातून बाहेर आलेत. मराठीतच, आलेख नाही, तो पेन्सिलीचा कागद. विचारा यातला कुठला बाण खोटा वाटतो आणि कुठला राहिला. बहुतेक वेळा कोणीतरी सांगेल की जेलमधून सुटून आलेल्यांचा वेगळा डबा हवा, किंवा ओएसटीवर (हेरॉइनऐवजी डॉक्टरी औषध देण्याचा उपचार) रोज औषध घ्यायला येणारा आणि अधूनमधून घेणारा हा ना उपचारात धड ना घेणाऱ्यांत, त्याला कुठे टाकलंत? त्यांनी सांगितलेला डबा काढा, नवीन कॉलम घाला, फॉर्म्युला परत खाली ओढा. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात हा प्रश्न आत्ता, आज असेल तर शीट राहू द्या, १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे, टोल फ्री आहे, तो आधी लावा.